डाव्या कुशीवरचे दिवस

आमच्या घरात मोडणं, फुटणं, विझणं, संपणं यातलं काही म्हणजे काही होत नसे. सगळं वाढत असे. देवापुढे नारळ फोडला तर तो वाढवला. बांगडी पिचली तर ती वाढली. मंगळसूत्राचा दोरा तुटला तर मंगळसूत्र वाढलं, करंड्यातलं कुंकू संपलं तर कुंकू वाढलं, आणि निजायच्या आधी माझी आई, म्हणजे आमची आये, दिवा मालवायची तोही वाढवायचीच. एकदा मी तिन्हीसांजेला 'दिवो विझलो' म्हणाले तर पाठीत धपाटा बसला, आणि तोही दिव्यासाठी नव्हे, शब्दासाठी. वाईटाचं नाव तोंडाने काढायचं नाही, काढलं की ते ऐकतं आणि घरात येतं, असा तिचा हिशेब. आता ऐंशीच्या घरात आल्यावर माझीही जीभ तशीच वळते, नाती हसतात. पण या एका शब्दापायी माझी आक्का हातची जायची होती, म्हणून आधी एवढं सांगून ठेवलं.

आमचं घर मिठबावला, समुद्रापासून एका हाकेवर. मागच्या दारी माड, पुढच्या दारी बाबांची आंब्याची दहाबारा कलमं, मधे चिऱ्याचं कौलारू घर. सकाळी जाग यायची ती विहिरीवरच्या रहाटाच्या कुरकुरीने, आणि पाणी कोण काढतंय ते मला अंथरुणातच कळायचं. आयेचा रहाट घाईचा, मधेच थांबून कुणावर तरी ओरडणारा. आक्काचा एकसारखा. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आमच्या मधली दोन मुलं राहिली नव्हती, त्यामुळे मला कडेवर खेळवण्यापासून माझ्या उवा काढण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. पण ती बसलेली मला आठवत नाही. उवा काढतानाही तिचा एक पाय शेजारच्या पाळीवर, म्हणजे विळीवर, खोबरं खवायची तयारी म्हणून टेकलेला असायचा. आक्का लग्न होऊन विजयदुर्गाला गेली, तिचा नवरा मुंबईला नोकरीला, आणि आमच्याकडे फक्त घाईचा रहाट उरला. मी आठवडाभर कानावर गोधडी ओढून झोपत होते.

पहिलटकरीण म्हणून दसऱ्याला ती माहेरी आली तेव्हा पाचवा संपत आला होता. आयेने काय काय करून घातलं! सकाळी उकड्या तांदळाची पेज, तिच्याबरोबर चुलीत भाजलेला खारा बांगडा नाहीतर आंब्याचं लोणचं. दुपारी माशाची कढी. मधल्या वेळेला आंबोळी आणि गुळाचा रस. आक्का मुळात काटकुळी. महिन्याभरात तिचे गाल वर आले, पायाच्या घोट्यांचं हाड दिसेनासं झालं, बोटं गुबगुबीत झाली. विहिरीवर येणाऱ्या बायका म्हणायच्या, "इंदू वाढली गो! अंगान कशी भरली बघ!" आणि आये पदर तोंडाला लावून तीट लावायला धावायची. गावच्या सुईणीनेही पाय बघितले आणि सांगितलं, पोटुशी बाई सुजायचीच, बाळंत झाली की उतरतं. तिने तरी दुसरं काय बघितलं होतं? सगळं वाढत होतं, आणि आमच्या घरात वाढणं म्हणजे बरंच असायचं.

गावात सरकारने नेमलेली एक नर्स होती, सुमतीबाई. घाटावरची, तिशीची, पांढऱ्या पातळाची, शाळेजवळ एका खोलीत एकटी राहायची. महिन्यातून एकदा पिशवी घेऊन घरोघर फिरायची. आये तिला चहा पाजी आणि "आमच्याकडे आजारी कोण नाय" असं सांगून वाटेला लावी. गरोदर बाई काही आजारी नसते, हे आयेचं म्हणणं. बाईंचंही म्हणणं तेच होतं, फक्त त्या म्हणत की आजारी पडायच्या आधीच बघू द्या. हे आयेला पटत नसे. घर जळायच्या आधी पाणी ओतायला कोण जातं?

मार्गशीर्षात डोहाळजेवण ठरलं. त्याच्या दोन दिवस आधीची सकाळ. मी आणि आक्का माडाखाली चुडतांच्या, म्हणजे सुकल्या झावळ्यांच्या, काड्या काढत बसलो होतो, म्हणजे काड्या ती काढत होती, मी बडबडत होते. एकाएकी तिने कोयती खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी कपाळ धरलं. मी विचारलं, काय गो? तर म्हणाली, "बाय, डोळ्यांम्होर तारल्या चमकतत." तारल्या म्हणजे चांदीसारखे छोटे मासे. किनाऱ्यावर रापण ओढली की जाळ्याच्या पोटात हजारो तारल्या उन्हात एकदम लखलखतात, बघवत नाही. तसं तिला बसल्या जागी, डोळे मिटूनही दिसत होतं. चार दिवस डोकं ठणकत होतं म्हणाली. मी आयेला हाक मारायला उठले तर तिने माझा हात घट्ट धरला.

"तुका माझी शपथ, आयेक नि बाबांक सांगशीत तर! परवा माझी सासू येतली. रोगी चेडू गळ्यात बांधल्यानी म्हणतली माका."

चेडू म्हणजे मुलगी हे सांगता येईल, पण शपथ म्हणजे काय हे आज सांगून कळणार नाही. शपथ मोडली की जिने घातली ती मरते. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, जसं आग भाजते हे कुणी शिकवत नाही. मी तेरा वर्षांची होते, सातवीत होते, शाळेत पृथ्वी गोल असल्याचं शिकले होते, पण शपथ ती शपथ. मी गप्प बसले.

डोहाळजेवणाला कांकणं भरायला भागी आली. भागी कासारीण, पन्नाशीची, काळी, उंच. डोक्यावर टोपली, टोपलीत दोऱ्यात ओवलेल्या बांगड्यांच्या माळा. मिठबावपासून पुढची चारपाच गावं तिची. तिला माणसं तोंडावरून नव्हे, हातावरून ओळखू येत. कुणाचं माप सव्वादोन, कुणाचं अडीच, कुणाचा अंगठा आडवा येतो, सगळं तिच्या बोटांत होतं. ती आली की आधी हात हातात घेऊन नुसती दाबत बसायची, हाडं मऊ करायची, आणि त्या वेळात घराघरातल्या गोष्टी सांगायची. भरून झालं की आपण तिला वाकून नमस्कार करायचा. कासारणीला नमस्कार न करता उठलेली बाई मी पाहिलेली नाही, मग ती कितीही मोठ्या घरची असो.

आक्काला पाटावर बसवलेलं. हिरवं लुगडं, केसांत अबोली, आणि सुरंगी नव्हती म्हणून शेवंती. समोर तिची सासू आणि आये, दोघी विहिणी शेजारी शेजारी, आणि दोघींमध्ये गोड बोलून भांडण चाललेलं. सासू म्हणत होती, आमच्याकडेच तिने अंग धरलं होतं, आमच्या तिथलं पाणीच तसं. आये म्हणत होती, असेल ओ विहीणबाई, पण दसऱ्याला आली तेव्हा गालफडं दिसत होती, भरली ती माझ्या पेजेवर. त्या दोघी आक्काच्या सुजेचं श्रेय वाटून घेत होत्या. मी हे लिहिते आहे आणि मला हसूही येतं आणि अंगावर काटाही येतो.

भागीने आक्काचा डावा हात घेतला. गोष्ट सांगता सांगता थांबली. हातातल्या जुन्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या, त्यांच्या वरखाली मांस उचलून आलेलं. "गो इंदू, ही माझीच कांकणां मां? दसऱ्याक मीच भरलेली. तेवा आत दोन बोटां जाय होती." तिने हाताच्या पाठीवर अंगठा दाबला, धरून ठेवला, मग उचलला. अंगठ्याचा खड्डा तसाच राहिला. ती त्या खड्ड्याकडे बघत बसली, तो भरून यायला किती वेळ लागतो ते मोजल्यासारखी. मग तिने हात आक्काच्या मांडीवर परत ठेवला आणि माळा टोपलीत घालायला लागली.

"वैनीनू, मी आज कांकणां भरूचंय नाय."

आये म्हणाली, "भरूचंय नाय? म्हंजे काय? माप नाय काय टोपलेत? मोठा भर."

"मोठा आसा. पण ह्या मांस न्हय, ह्या पाणी. पोटुशी बाईचा पोट वाढता, मनगट वाढणा नाय. आसत ती कांकणां पयली वाढवूक होयी. आणि त्या नर्सबाईक बोलवा."

डोहाळजेवणाच्या पाटावर बसलेल्या, ओटी भरायच्या सवाष्णीच्या हातातली कांकणं काढा म्हणणं! आयेच्या तोंडचं रक्तच उतरलं, आणि मग सगळं परत चढलं. "तुझ्या तोंडाक काय हाड? माझ्या चेडवाक भरल्या घरात अपशकून करतंस? ऊठ! टोपली उचल नि चालू पड!" भागी उठली. तिच्यासाठी सुपात काढून ठेवलेले नारळ आणि तांदूळ तिने तसेच सोडले, आणि आक्काने, रडत असतानाही सवयीने, वाकून तिला नमस्कार केला. भागीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग ती दाराबाहेर पडली ती वाडीतल्या पुढच्या घराकडे न वळता किनाऱ्याने शाळेच्या दिशेने गेली. मी पडवीतून बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमतीबाई आल्या. आत त्या एकट्याच आल्या. भागी बेड्यापाशी, म्हणजे कुंपणाच्या दाराशी, बाहेरच उभी राहिली. आयेने बाईंना चहा दिला आणि नेहमीचं वाक्य सांगितलं. बाईंनी खूप समजावलं. आयेने पदर खोचून सांगितलं, सुईण बघून गेली आहे, सगळं वाढतंय, तुम्हाला कासारणीने काही सांगितलं असेल तर तिच्या जिभेला देव बघून घेईल. बाईंनी कप खाली ठेवला. सासू माजघरात होती, तिच्यादेखत जास्त बोलणं त्यांनाही जड गेलं असावं. त्या निघाल्या.

त्या अंगण ओलांडेपर्यंत माझ्या मनात जे चाललं होतं ते आजही शब्दनशब्द आठवतं. सांगितलं तर शपथेने आक्का मरेल. नाही सांगितलं तर भागीने दाबलेल्या त्या खड्ड्याने मरेल. आणि मग एकदम मला आक्काचे शब्द जसेच्या तसे ऐकू आले: आयेक नि बाबांक. बाईंचं नाव त्यात नव्हतंच! मी वकील व्हायला हवं होतं. मी धावत जाऊन बाईंचं पातळ धरलं आणि एका दमात सांगितलं, तिचं डोकं दुखतं, तिला तारल्या दिसतात, डोळे मिटले तरी दिसतात.

बाईंना तारल्या म्हणजे काय ते कळलं नाही. ते भागीला कळलं. तिने बेड्याची काठी घट्ट धरली आणि खालच्या आवाजात बोलली, आयेला ऐकू जाऊ नये अशी: "माझ्या चेडवाक असाच दिसा होता. तिचे हात असेच झाले होते. माका वाटला, अंगान भरली. मीच वरचा माप काढून तिका कांकणां भरलंय. हौशीन भरलंय. चवथ्या दिसाक आकडी इली. मायलेकरां दोनाय गेली." मग तिने बाईंना सांगितलं, "बाई, तुमी आत जावा. वैनी काय म्हणतली तां म्हणांदेत."

बाई परत आत आल्या त्या चप्पल काढून थेट आक्काच्या खोलीत. दंडाला पट्टा बांधला, रबरी गोळा दाबला, पारा चढताना आम्ही सगळे बघत राहिलो. त्यांनी तीनदा मोजलं. मग आयेला म्हणाल्या, "हिचा रक्तदाब फार वाढलाय."

आयेचा चेहरा खुलला. "वाढलो? मगे बरा मां?"

बाई गोंधळल्या. "अहो, वाढलाय म्हणजे वाईट आहे."

"वायट? मगे वाढलो कित्याक म्हणतात?"

बाईंना बिचाऱ्यांना काय कळणार. पण त्यांनी वाद घातला नाही. त्यांनी आक्काकडून वाटीत लघवी मागितली. पडवीच्या कडेला बसून स्पिरिटचा दिवा पेटवला, काचेच्या नळीत ती ओतली आणि नळीचा वरचा भाग ज्योतीवर धरला. आये "शी शी" करत दूर उभी होती, पण बघत होती. नळीतलं पाणी तापलं आणि बघता बघता वर पांढरं झालं, गुठळ्या धरायला लागलं. बाईंनी त्यात दोन थेंब औषध टाकलं, तरी पांढरं ते पांढरंच. खाली स्वच्छ, वर दाट. नारळाचं दूध उकळू दिलं की फाटतं, ते आयेने जन्मभर पाहिलं होतं. ती पुढे आली, वाकली.

"ह्या काय?"

"हा तिच्या अंगातला कस. तो असा बाहेर जातोय. तुम्ही घालता ते तिला लागत नाहीये, आई. ही भरलेली नाही, ही रिकामी होत चाललीय."

आये पडवीच्या खांबाला टेकून बसली. बाबा कलमांना पाणी घालायचं सोडून आले होते, त्यांनी एकच विचारलं, "जगतली मां?" बाई म्हणाल्या, मी सांगते ते सगळं केलंत तर. अजून आकडी आलेली नाही, ती येऊ द्यायची नाही, एवढंच आपल्या हातात आहे.

त्या दुपारी आक्काच्या हातातल्या बांगड्या आयेनेच काढल्या. रिठ्याचं पाणी लावून झालं, खोबरेल लावून झालं, निघेनात. शेवटी फडक्यात गुंडाळून एकेक दाबली. प्रत्येक वेळी बारीक कट् आवाज व्हायचा आणि आये म्हणायची, "वाढली." रडत होती आणि म्हणत होती, वाढली, वाढली. सवाष्णीचं मनगट उघडं नको म्हणून हळदीत भिजवलेला दोरा बांधला, सैल. सासू विजयदुर्गाला परत गेली. जाताना वाटलं होतं तसं काही बोलली नाही, उलट आपल्या नथीला हात लावून देवीला नवस बोलून गेली. माणसं आपण समजतो त्यापेक्षा बरी निघतात कधीकधी, हे मला फार उशिरा कळलं.

बाईंचा हुकूम असा: दिवसरात्र आडवं राहायचं, डाव्या कुशीवर. उठायचं ते फक्त परसाकडे जायला. मीठ बंद. खारा बांगडा, लोणचं, पापड बंद. अंडं, दूध, डाळ खायची. सकाळ-संध्याकाळ एक पांढरी गोळी. एक दिवसाआड बाई पट्टा घेऊन येणार. आणि बाळंतपण घरात नाही, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात. तारल्या पुन्हा दिसल्या तर त्याच क्षणी सांगायचं. हे शेवटचं सांगताना त्यांनी आक्काकडे नाही, माझ्याकडे बघितलं. माझी शाळा सुटली आणि मी आक्काची राखण झाले.

त्या पाचसहा आठवड्यांसाठी मी आजही वाटेल ते देईन! मागच्या खोलीत खिडकीखाली आक्काची वाकळ. तिच्या पाठीशी उशा, तोंड समुद्राच्या बाजूला. पहिले चार दिवस तिला पडवेना. "हात खाजतत गो," म्हणायची, आणि लपून माझ्याकडून तांदूळ निवडायला मागायची. आयेने एकदा पकडलं तेव्हा सूपच उचलून बाहेर फेकलं. मग हळूहळू तिला सवय लागली. रहाटाची कुरकुर ऐकून ती पडल्या पडल्या आयेच्या चुका काढायची. वाटेवरून जाणाऱ्याच्या पावलांवरून माणूस ओळखायचा, असा आमचा खेळ होता. चप्पल फरपटत जाणारा पोस्टमन, घुंगराची काठी टेकणारा म्हातारा गुरव. दुपारी समुद्र लांब गेलेला असायचा, माडाची झापं सळसळायची, पुढच्या कलमांवर मोहर आला होता त्याचा वास खोलीत भरायचा. मी तिला मुंबईची पत्रं वाचून दाखवायची. भावोजी पत्रात फार काही लिहीत नसत, 'प्रकृतीस जपणे' एवढंच, पण ती तेवढं मला तीन-तीनदा वाचायला लावायची. तिने मला सासरच्या गोष्टी सांगितल्या, नवऱ्याला पहिल्यांदा नीट बघितलं ते कधी तेही सांगितलं. ती हसली की पोट हलायचं आणि आतलं मूल लाथ मारायचं, मग ती माझा हात तिथे ठेवायची. माझी आक्का मला जन्मात पहिल्यांदा पुरी मिळाली होती.

तिच्याबरोबर मीही अळणी जेवायचं ठरवलं. अळणी पेज, अळणी कुळथाची पिठी, अळणी मासे. आमच्याकडे वाऱ्यालासुद्धा मीठ असतं, आणि आम्ही दोघी बहिणी एकमेकींची तोंडं बघत ते गिळायचो. आता माझी नात डॉक्टर आहे. ती म्हणते, आजी, मीठ सोडून त्यात काही फारसं होत नसतं, खरं काम केलं ते वेळीच ओळखण्याने, लक्ष ठेवण्याने आणि दवाखान्यात बाळंत होण्याने. म्हणजे आम्ही ते उगाच गिळलं? मी तिला म्हटलं, तुझी विद्या तुझ्यापाशी ठेव. त्या अळणी पेजेची चव मला अजून हवी आहे.

सूज उतरत होती. घोट्याचं हाड दिसायला लागलं. आये रोज सकाळी आक्काच्या पायावर अंगठा दाबून बघायची आणि खड्डा भरेपर्यंत तोंडात पुटपुटायची. तिने बाईंना विचारून विचारून सगळं शिकून घेतलं, आणि मग विहिरीवर दुसऱ्या पोटुश्या बायकांचे पाय दाबत फिरायला लागली. ज्या बाईला ती वाटेला लावायची, तिच्याकडे आता ती स्वतः बायकांना हाताला धरून न्यायची.

आणि मग एका दुपारी, मी पत्र वाचत असताना, आक्काने डोळे मिटून घेतले. "बाय," ती म्हणाली, "तारल्या इल्यो. आयेक सांग. बाबांक पण सांग." या वेळी शपथ नव्हती. मी उठले ती ओरडतच. बाबा सायकल मागून बाईंकडे गेले. बाई आल्या, सुई टोचली, खोलीत अंधार करून गप्प बसायला लावलं. आंब्याच्या खोक्यांच्या लाकडाची एक ट्रक वाडीत उभी होती, तिच्यात गवत पसरून वर वाकळा टाकल्या आणि आक्काला डाव्या कुशीवर निजवून, बाईंना बरोबर घेऊन तालुक्याला नेलं. ट्रक खड्ड्यात आदळली की आये ड्रायव्हरला शिव्या द्यायची आणि लगेच देवाला हात जोडायची. दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, वाद न घालता पटापट कामाला लागला. त्याने दोन दिवस औषधावर ठेवून, मग कळा आणून आक्काला मोकळी केली. मुलगी झाली, मूठभर, पण रडली जोरात. आकडी आली नाही. बाई दारात येऊन आयेला हे सांगत होत्या आणि आये नुसती त्यांच्या पाया पडत होती. 'नाही आली' एवढे दोन शब्द ऐकून सगळं घर रडलं.

बारशाला आयेने भागीला स्वतः जाऊन आणलं. माफी वगैरे मागितली नाही. आये ती कुणाचीच मागत नसे. पाटावर बसवलं आणि आक्काचा हात तिच्या हातात देऊन म्हणाली, "तुझ्या मनातला माप भर." भागीने सव्वादोनाची माळ सोडली. भरून झाल्यावर आक्काच्या आधी आयेच वाकली.

त्यानंतर आक्का विजयदुर्गाला गेली, पुढे मुंबईला, दोन खोल्यांत. आणखी दोन बाळंतपणं झाली, दोन्ही दवाखान्यात, सुखरूप. सासू-सासऱ्यांचं करणं, मुलांचे डबे, नवऱ्याचं आजारपण. मी तिच्याकडे कधीही गेले तरी ती उभीच असायची. बोलायचं ते तिच्या पाठीशी. दिवसाउजेडी आडवी झालेली ती मला पुन्हा दिसली नाही.

एक गोष्ट लिहायची मी इतका वेळ टाळली. तारल्या पुन्हा दिसल्या त्याच्या तीन दिवस आधी बाई पट्टा सोडत म्हणाल्या होत्या, असंच राहिलं तर पुढच्या आठवड्यापासून हिला थोडं उठू-बसू देऊ, हलकं काम करायला हरकत नाही. आयेने साखर वाटली. मी मात्र ग्रामदेवतेच्या देवळात गेले आणि हात जोडून म्हणाले, देवी, सूज उतरू दे, पण सगळी नको. थोडी राहू दे. आक्का उठली की ती सगळ्यांची होईल. आणि तीन दिवसांनी देवीने ऐकलं. ट्रकमध्ये, दवाखान्यात, ते दोन दिवस आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं मला पक्कं ठाऊक होतं की ते मी केलं. कुणालाही सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

आक्का थकल्यावर तिच्या मुलीकडे, त्याच मूठभर मुलीकडे, राहत होती. मी भेटायला गेले होते. सकाळची वेळ, मुलगी कामाला गेलेली. ती खाटेवर शेंगा सोलत बसली होती आणि मी तिला सगळं सांगून टाकलं. देऊळ, मागणं, सगळं. सांगताना तेरा वर्षांच्या मुलीसारखी रडले. ती शेंगा सोलायची थांबली. मला वाटलं, आता ही माझं तोंड बघणार नाही.

"खुळां तू," ती म्हणाली. "मी पण देवीकडे ताच मागी होतंय. जल्मात तेवडेच दिस माका कोणी 'ऊठ' म्हणूक नाय."